आधी दुकान पारखा, मग गाडी

पहिल्यांदा जुनी मोटारसायकल घ्यायला निघालेल्या माणसाचं काय होतं, ते सांगतो. कुठेतरी फोटोत एक गाडी दिसते आणि ती डोक्यात बसते. दोन-चार रात्री झोप नीट लागत नाही. मग ती जिथे उभी असेल तिथे तो जाऊन पोचतो. विकणारा कोण आहे, कसा आहे, हा प्रश्न पैसे मोजून झाल्यावर पडतो.

माझी पहिली जुनी गाडी मी अशीच घेतली. दुकानात पोचलो तेव्हा इंजिन कोमट होतं. "आत्ताच एक गिऱ्हाईक फेरी मारून गेलं," असं मला सांगण्यात आलं आणि मला ते खरंही वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिन सुरू करायला बसलो तेव्हा कळलं, की ती गाडी आधी तापवून का ठेवली होती. परत दुकानात गेलो, तर मालकाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू आम्ही पहिल्यांदाच भेटतोय. गाडीचा दोष दुरुस्त झाला, फार खर्चही आला नाही. पण तेव्हापासून मी क्रम उलटा केला. आधी तीन-चार दुकानं ठरवायची, त्यातून एक-दोन निवडायची आणि मग तिथे उभ्या असलेल्या गाड्यांकडे बघायचं.

यामागे नुसता माझा पोळलेला हात नाही. जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराचंच उदाहरण घेऊन एक शोधनिबंध लिहिला होता. 2001 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच कामासाठी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: गाडीच्या पोटात काय आहे हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा चांगल्या गाडीलाही मधलाच भाव देऊ करतो. तो भाव चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून बाजूला होतो आणि उरतात त्या बहुतांश खोटी नाणी. यावर उपाय म्हणून त्यांनी हमी आणि नाव या दोन गोष्टींचा उल्लेख केला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर, तुमची गाडी बिघडली तर ज्याचंही काहीतरी नुकसान होणार आहे, अशा माणसाकडून गाडी घ्या. पुढचं सगळं हा माणूस ओळखण्याबद्दल आहे.

पहिली पायरी: गरज आणि पैसे कागदावर मांडा

हे पटकन उरकू. रोज किती अंतर जाणार, मागे कोणी बसणार का, उभं राहिल्यावर दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का आणि गाडी ढकलून वळवता येईल इतकी हलकी आहे का, एवढं लिहून काढा. नवख्याला गाडी पळवण्यापेक्षा उभ्या गाडीला सांभाळणं जास्त जड जातं, हे दुकानात कोणी सांगत नाही.

पैशांची मर्यादा ठरवाल तेव्हा त्यातला निदान दहावा हिस्सा बाजूला काढून ठेवा आणि तो गाडीच्या किमतीत मिसळू देऊ नका. ऑइल, चेन, बॅटरी, टायर यांपैकी काहीतरी पहिल्या दोन-तीन महिन्यांत मागणी करतंच. हेल्मेट, हातमोजे आणि विमा हे त्याहून वेगळे. त्यांचे पैसे वेगळेच धरा.

दुसरी पायरी: समोरचा नेमका कोण, हे ओळखा

जुन्या गाड्या विकणारे सगळे एकाच पाटीखाली बसतात, पण आतून वेगवेगळे असतात.

एक म्हणजे नव्या गाड्यांचं शोरूम, जिथे बदल्यात घेतलेल्या जुन्या गाड्याही विकल्या जातात. इथे भाव चढा असतो. मात्र त्यांचं स्वतःचं वर्कशॉप असतं, सर्व्हिसची नोंद सापडण्याची शक्यता असते आणि वर कंपनीचं नाव असल्यामुळे तक्रार करायला एक जागा असते. बदल्यात आलेल्या ज्या गाड्या त्यांना ठेवाव्याशा वाटत नाहीत, त्या ते परस्पर दुसऱ्या व्यापाऱ्याला देऊन टाकतात. त्या कुठे जातात, हा पुढच्या प्रकाराचा विषय.

दुसरा, फक्त जुन्याच गाड्यांचा धंदा करणारा. हा उत्तमही असू शकतो आणि अगदी वाईटही. वीस वर्षं एकाच जागी बसलेला असा दुकानदार मला कित्येकदा शोरूमपेक्षा बरा वाटला आहे, कारण त्याचं अर्धं गिऱ्हाईक आधीच्या गिऱ्हाइकाने पाठवलेलं असतं. पण जागा दर दोन वर्षांनी बदलणारा, पाटी बदलणारा किंवा फक्त फोनवर भेटणारा असेल तर सावध.

तिसरा, गॅरेज चालवता चालवता गाड्या विकणारा मिस्त्री. त्याच्याकडे दोन-तीनच गाड्या असतात. त्यातली एखादी त्याने स्वतःच वर्षानुवर्षं सांभाळलेली असली, तर याहून चांगला सौदा नाही. अडचण एवढीच, की इथे लेखी काही मिळणं अवघड असतं.

चौथा दलाल. गाडी त्याची नसतेच, मालकाने विकायला आणून ठेवलेली असते. यात गैर काही नाही, पण ते तुम्हाला आधी कळलं पाहिजे. म्हणून प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न हाच टाका: "ही गाडी तुम्ही विकत घेतली आहे, की विकायला ठेवली आहे?" विकत घेतली असेल तर दुकानदाराने स्वतःचे पैसे त्यात गुंतवलेले असतात, त्याने ती बघून घेतलेली असते आणि जबाबदारी त्याच्यावर येते. विकायला ठेवलेली असेल तर मूळ मालकाशी बोलायला मिळेल का, ते विचारा. सरळ दलाल फोन लावून देतो. वाकडा म्हणतो, "त्यांचं सगळं मीच बघतो."

तिसरी पायरी: जवळची यादी करा, आणि खऱ्या ठिकाणी चौकशी करा

जवळचं दुकान हवं, ते सोयीसाठी नाही. गाडी बंद पडली तर ती दुकानापर्यंत कशी नेणार, याचा विचार करा. लांबच्या दुकानाने लेखी हमी दिली तरी ती वापरायला गाडी टेम्पोत टाकून न्यावी लागते, मग छोट्या तक्रारी आपण गिळतो आणि हमी कागदावरच राहते. शिवाय जवळचा दुकानदार तुमच्याच ओळखीच्या माणसांना पुढच्या गाड्या विकणार असतो. त्याला ते माहीत असतं.

इंटरनेटवरचे अभिप्राय वाचा, पण सगळ्यात चांगले आणि सगळ्यात वाईट दोन्ही बाजूला ठेवून मधले वाचा. "गाडी ठीक, पण कागदांना दोन महिने लागले," असं लिहिणारा माणूस बहुधा खरं बोलतो. तक्रारीला दुकानदाराने काय उत्तर दिलंय, ते तर नक्की बघा. गिऱ्हाइकाला खोटं पाडणारा मालक उद्या तुम्हालाही तसंच पाडेल. एकाच आठवड्यात ओळीने पडलेले गोडगोड अभिप्राय असतील, तर ते कोणी लिहिले असतील याचा तर्क तुम्हीच करा.

याहून उपयोगी दोन माणसं आहेत. एक, ज्याचा त्या दुकानाशी संबंध नाही असा मेकॅनिक. त्याला विचारा, "तिथून घेतलेल्या गाड्या तुमच्याकडे कशासाठी येतात?" आणि दुसरा, स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरमागे बसलेला माणूस. कोणता डीलर अस्सल पार्ट नेतो आणि कोण सगळ्यात स्वस्त ब्रेक पॅड मागतो, हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. तो थेट नाव घेऊन वाईट बोलणार नाही, धंद्याचा प्रश्न आहे. पण "तुम्हाला घ्यायची असती तर कुठे गेला असता?" असं विचारलं की उत्तर मिळतं.

चौथी पायरी: फोनवरच एक खडा टाकून बघा

यादीतल्या दुकानांना फोन करा आणि पाच-सहा साधे प्रश्न विचारा. गाडी किती हातांतून गेली आहे? शेवटची सर्व्हिस कधी, कुठे? कुठे ठोकली होती का, कधी पाण्यात बुडाली होती का? कर्ज बाकी आहे का? किल्ल्या किती आहेत? उत्तरं लिहून घ्या, शब्दाला शब्द. यातल्या काही उत्तरांचा खरेखोटेपणा तुम्ही पुढे गाडीवरच तपासणार आहात.

शेवटी सांगा: "मी येईपर्यंत कृपया गाडी सुरू करू नका, मला गार इंजिनवर बघायची आहे."

इथे सगळ्या प्रश्नांची फाडफाड उत्तरं देणाऱ्याला जास्त गुण देऊ नका. माझ्या मते उत्तम उत्तर असतं, "हे मला पाठ नाही, गाडीजवळ जाऊन बघतो आणि सांगतो," आणि मग खरंच परत आलेला फोन. "एक नंबर गाडी आहे, या तर खरं" हे उत्तर नाहीच.

पाचवी पायरी: पहिल्या भेटीत गाड्यांकडे बघू नका

हे कठीण जातं, ठाऊक आहे. तरी पहिली दहा मिनिटं वर्कशॉप बघण्यात घालवा. वर्कशॉपच नसेल तर विचारा, की हमीतली दुरुस्ती कोण करतं आणि कुठे.

वर्कशॉप चकाचक असायची गरज नाही. काम चालू असलेलं गॅरेज थोडं काळंच असतं. बघायचं ते वेगळं. हत्यारं जागच्या जागी आहेत का? उघडलेल्या गाडीचे नट-बोल्ट डब्यात नीट ठेवलेत की जमिनीवर पसरलेत? वापरलेलं ऑइल कशात जमा करतात? विक्रीला ठेवलेल्या गाड्यांच्या टायरमध्ये हवा आहे का? हे शेवटचं मला फार बोलकं वाटतं. गाडी विकायची आहे आणि तिच्यात साधी हवा भरलेली नाही, तर तिचं ऑइल बदललं असेल का?

उलट टोकही असतं. सगळ्या गाड्या आरशासारख्या लखलखतात, टायर काळे कुळकुळीत, इंजिनावर सिलिकॉनचा स्प्रे मारून चमक आणलेली. गाडी धुऊन पुसून ठेवण्यात चूक नाही, पण नुकत्याच धुतलेल्या इंजिनावर ऑइलची गळती दिसत नाही. अशा वेळी फेरी मारून आल्यावर इंजिनाखाली पुन्हा वाकून बघायचं, हे लक्षात ठेवा.

जमलं तर अशा वेळी जा, जेव्हा एखादं जुनं गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलेलं असतं. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ही संधी हमखास मिळते. तुम्हाला काही विचारावंही लागत नाही, बाकावर बसून ऐकायचं.

सहावी पायरी: गाडी तपासा, पण दुकानदाराला तपासण्यासाठी

आता गाडी. तपासणीची लांबलचक यादी घेऊन नवखे लोक येतात आणि प्रत्येक दोषाला भाव पाडायचं निमित्त समजतात. मी ती यादी वेगळ्या कामाला लावतो. दुकानदाराने काय सांगितलं आणि गाडी काय सांगते, या दोन गोष्टी जुळतात का, ते बघतो. वापरलेल्या गाडीत दोष असणारच. ते सांगितले होते का, हा प्रश्न आहे.

सुरुवात इंजिनाला हात लावून. गार असायला हवं. गरम लागलं, तर तुम्ही फोनवर केलेली एक साधी विनंती पाळली गेली नाही. कारण विचारा, पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी येतो म्हणा.

मग किलोमीटर. मीटरवरचा आकडा बदलता येतो, डिजिटल मीटरवरचाही. म्हणून आकड्यापेक्षा झीज वाचा. फुटरेस्टचे रबर, हँडलच्या ग्रिप, गिअर लिव्हरचं टोक, सीटची शिवण, किल्लीचे दाते. या सगळ्यांनी एकच वय सांगितलं पाहिजे. मीटर कमी दाखवतो आणि फुटरेस्टचं रबर गुळगुळीत झालंय, तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय, आणि रबराला खोटं बोलता येत नाही. रबर कोरं करकरीत असेल तरी विचारा, की बदललं का.

टायरच्या बाजूवर DOT या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. याने दोन गोष्टी कळतात. एक, रबर किती जुनं आहे. नक्षी भरपूर शिल्लक असूनही जुनं रबर कडक होतं, त्याला बारीक भेगा पडतात आणि ओल्या रस्त्यावर ते धरत नाही. दुसरी गोष्ट जास्त मजेची: गाडी 2019 ची, फार थोडी चाललेली असं सांगताहेत आणि दोन्ही टायर 2022 चे आहेत. मग मूळचे टायर इतक्या थोड्या अंतरात झिजले कसे? उत्तर असू शकतं. ते द्यायला लागलं, एवढं पुरेसं आहे.

बोल्टची डोकी बघा. इंजिन कधी उघडलं नाही असं म्हणतात आणि इंजिनाच्या कव्हरच्या स्क्रूंवर पान्याचे ओरखडे आहेत, रंग उडालाय, तर कोणीतरी आत शिरून आलंय. उघडलेलं इंजिन वाईटच असतं असं नाही. दुरुस्तीचं बिल दाखवलं तर ती उलट जमेची बाजू.

पडलेली गाडी ओळखायला हँडलची टोकं, ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरच्या गोळ्या, फुटरेस्टची टोकं आणि सायलेन्सरची बाहेरची बाजू बघा. तिथली खरवड म्हणजे बहुधा उभ्या-उभ्या पडणं, ते सगळ्यांच्या गाड्यांचं होतं. घाबरायचं ते आणखी आत. हँडल पूर्ण वळवलं की चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, जिथे अडतं, त्या ठोकळ्यांकडे टॉर्च मारा. ते चेपलेले किंवा नव्याने वेल्ड केलेले असतील, तर समोरून जोरात आदळलेली आहे. चासीच्या नळ्यांवर रंगाचा वेगळा पोत दिसला तरी तेच. मग गाडीमागे दहा पावलं जाऊन बसा आणि कोणाला तरी हँडल सरळ धरायला सांगा. दोन्ही चाकं एका रेषेत दिसली पाहिजेत.

पाण्यात बुडालेल्या गाडीची खूण सीटखाली, हेडलाइटच्या आत आणि वायरींच्या कनेक्टरमध्ये मिळते. गाळाची बारीक रेघ, हिरवट पडलेल्या पिना, मीटरच्या काचेत आतून धुकं. अशी गाडी स्वस्तातही घेऊ नका. तिचे आजार संपत नाहीत.

पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्यांना स्वच्छ फडकं गुंडाळून पुसा, ब्रेक धरून गाडी पाच-सहा वेळा दाबा, पुन्हा पुसा. फडक्यावर ऑइल आलं तर सील गेले. डबल स्टँडवर पुढचं चाक अधांतरी करून हँडल अगदी सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मध्यावर खाच लागल्यासारखं वाटलं, तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, बदलायला झाला. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेन बसते त्या दातेरी चकतीच्या, सगळ्यात मागच्या टोकाला बोटाने धरून मागे ओढा. अर्ध्याहून जास्त दाता उघडा पडला, तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावे लागतील. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो आणि डिस्कच्या कडेला बोट फिरवलं की झिजलेली पायरी हाताला लागते. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. डबीच्या काचेतून ते चहासारखं काळपट दिसलं, तर निदान त्या दोन वर्षांत कोणी लक्ष दिलेलं नाही.

ही सगळी सुटे भाग बदलून निभावणारी कामं आहेत. यातलं काहीही असलं म्हणून गाडी सोडू नका. पण "सगळं काम करून ठेवलंय, फक्त पेट्रोल टाका आणि पळवा" असं सांगितलं गेलं होतं आणि यातल्या तीन गोष्टी निघाल्या, तर दुकान सोडा.

सातवी पायरी: किल्ली फिरवा

इंजिन सुरू करण्याआधी नुसती किल्ली चालू करून मीटरवरचे दिवे बघा. इंजिनाच्या बिघाडाचा दिवा आणि एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा आधी लागले पाहिजेत. इंजिनाचा, गाडी सुरू झाल्यावर विझतो. एबीएसचा बहुतेक गाड्यांत चाकं थोडी फिरल्यावर विझतो. दिवा विझत नसेल तर बिघाड आहे हे कोणीही सांगेल. मात्र दिवा मुळात लागलाच नाही तर तो कोणीतरी काढून टाकलेला असू शकतो, आणि हे नवख्याच्या ध्यानातच येत नाही.

गार इंजिन थोड्या प्रयत्नात सुरू व्हावं. सायलेन्सरमधून पहिला मिनिटभर पांढरट वाफ येणं साधं आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. आवाज ऐका, पण नवखे असाल तर तुमच्या कानावर फार विसंबू नका. त्यासाठी आपला मेकॅनिक बरोबर न्या आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या. फुकट आणलेला मेकॅनिक घाईत असतो.

"आमच्याकडे बाहेरचा मेकॅनिक चालत नाही" असं ऐकू आलं, तर नमस्कार करून बाहेर पडा. यावर मी कधीच तडजोड केलेली नाही.

फेरी मारायला देताना दुकानदाराने तुमचं लायसन्स मागणं, काहीतरी तारण ठेवून घेणं हे बरोबरच आहे. उलट, न विचारता किल्ली हातात देणारा माझ्या मनात शंका निर्माण करतो, कारण त्या गाडीचा विमा आहे का हेही त्याने पाहिलेलं नसतं. फेरी किमान पंधरा मिनिटांची हवी. सगळे गिअर, सरळ रस्त्यावर ढिले हात, एकदा जोरात ब्रेक, एकदा वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून ॲक्सिलरेटर. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग तितका चढला नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. परत आल्यावर इंजिनाखाली वाकायचं, ते आठवतंय ना? आणि बंद करून लगेच पुन्हा सुरू करून बघा.

आठवी पायरी: कागद

दर ठिकाणचे नियम वेगळे असतात. तुमच्याकडे कोणकोणते कागद लागतात, ते आदल्या दिवशी नोंदणी कार्यालयाच्या अधिकृत माहितीत वाचून जा, दुकानदाराच्या तोंडून शिकू नका. पण पाच गोष्टी सगळीकडे सारख्याच.

चासी नंबर गाडीवर स्वतः वाचा, बहुधा हँडलखालच्या मानेवर कोरलेला असतो, आणि कागदावरच्या नंबराशी एकेक अक्षर बोट ठेवून जुळवा. आजच्या गाड्यांचा हा नंबर 17 अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. कागदावर ओ दिसला, तर लिहिणाऱ्याने चूक केली आहे आणि ती तुमच्या नावावर यायच्या आधी सुधारून घ्यायची आहे. नंबराच्या आसपास घासल्याच्या, पुन्हा ठोकल्याच्या खुणा असतील, तर पुढे एक शब्दही बोलू नका. इंजिन नंबर असाच जुळवा.

कागदावरचा मालक आणि समोरचा विकणारा यांच्यामधली साखळी तुटलेली नको. गाडीवर कर्ज असेल, तर फेडल्याचं पत्र हवं, "आठवड्यात येईल" हे चालत नाही. दंड आणि कर थकलेले आहेत का ते बघा. आणि नावावर करून देण्याचं काम कोण करणार, किती दिवसांत, खर्च कोणाचा, हे लिहून घ्या. जुन्या गाड्यांच्या व्यवहारात सगळ्यात जास्त भांडणं इंजिनावरून होत नाहीत, नावावरून होतात. गाडी तुम्ही चालवताय आणि कागदावर नाव तिसऱ्याचंच, ही अवस्था दोघांनाही महागात पडते.

याच चासी नंबरावरून कंपनीने दोष दुरुस्तीसाठी ती गाडी परत बोलावली होती का, हेही शोरूममध्ये विचारता येतं. परत बोलावलेल्या गाडीची ती दुरुस्ती सहसा फुकट असते.

नववी पायरी: भाव, विसार आणि लेखी शब्द

घासाघीस जरूर करा, पण कशावर करता ते बघा. दुकानदाराकडून शेवटचे थोडे पैसे कमी करून घेण्यापेक्षा नवी चेन, नवे ब्रेक पॅड आणि ऑइल बदलून मागणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. त्याला ते आतल्या भावात पडतं, तुम्हाला बाहेर पूर्ण भावात घ्यावं लागलं असतं. मात्र काढलेले जुने पार्ट दाखवायला सांगा, म्हणजे बदलले की पुसून परत बसवले याचा संशय राहत नाही.

किमतीचा शेवटचा आकडा एकदा तरी कागदावर पूर्ण मांडून घ्या: गाडी, नाव बदलण्याचा खर्च, विमा, आणि "इतर" म्हणून जे काही असेल ते. "इतर" म्हणजे काय, हे विचारायला लाजू नका. दुकानातूनच कर्ज घ्यायचा आग्रह होत असेल, तर त्यात त्याला कमिशन आहे असं समजा आणि महिन्याचा हप्ता विचारू नका, सगळे हप्ते मिळून किती भरणार ते विचारा.

विसार द्यायचा तर पावतीवर चासी नंबर, ठरलेली किंमत, तारीख आणि मुख्य म्हणजे व्यवहार कोणत्या कारणाने मोडला तर पैसे परत मिळणार, हे लिहिलेलं हवं. "मेकॅनिकच्या तपासणीत मोठा दोष निघाल्यास विसार परत" ही एक ओळ लिहायला प्रामाणिक दुकानदाराला अर्धं मिनिट लागतं. "आज दिला नाहीत तर संध्याकाळपर्यंत जाईल, दुसरं गिऱ्हाईक येतंय," असं म्हणाला, तर जाऊ द्या. खरंच गेली तरी चालेल.

हमीचं तसंच. "काही झालं तर या, आपण आहोत ना" ही हमी नव्हे. किती दिवस किंवा किती किलोमीटर, कोणते भाग धरलेत, मजुरी धरली आहे का, बाहेर दुरुस्ती केली तर हमी जाते का, एवढं लिहून सही-शिक्का. इंजिन आणि गिअरबॉक्सची महिनाभराची लेखी हमी मला सहा महिन्यांच्या तोंडी हमीपेक्षा कधीही चालेल. वगळलेल्या गोष्टींची यादी आधी वाचा. काही हमींमध्ये सगळं वगळून झाल्यावर हॉर्न तेवढा उरतो.

दहावी पायरी: गाडी घरी आल्यावर

पहिल्याच आठवड्यात ऑइल आणि फिल्टर बदलून टाका, दुकानदाराने बदललंय म्हटलं तरी. तुमच्या हिशोबाची सुरुवात तिथून होते. काढलेल्या ऑइलचा रंग बघा. दुधाळ असेल तर आत पाणी शिरलंय आणि तुम्ही त्याच दिवशी दुकानात असायला हवं. बॅटरी मल्टिमीटरने मोजून घ्या: रात्रभर उभ्या गाडीवर 12.6 व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5. इंजिन चालू असतानाही आकडा वर जात नसेल, तर बॅटरी बदलून उपयोग नाही, चार्जिंगमध्ये दोष आहे.

सीटखाली एक छोटी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय जाणवलं. "सकाळी दुसऱ्यांदा स्टार्ट झाली", "तिसऱ्या गिअरला खट्ट आवाज", इतकं साधं. हमीच्या शेवटच्या दिवशी सगळ्या तक्रारी एकदम घेऊन गेलात, तर दुकानदार त्या ऐकणार नाही आणि त्याचं फार चुकलं असंही म्हणता येणार नाही. त्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांनी, हमी निम्मी उरलेली असताना, काही बिघडलेलं नसलं तरी एक चक्कर मारा. वही दाखवा, चेन ताणून घ्या, मिस्त्रीचं नाव विचारून ठेवा. काम झालं की जॉबकार्डवर तारीख आणि किलोमीटर टाकून घ्या आणि ते कागदांच्या पिशवीत ठेवून द्या. तीन-चार वर्षांनी ही गाडी तुम्ही विकायला काढाल, तेव्हा समोरचा पहिल्यांदा तेच मागेल.